शंभर लिटरची सॅक

बहारीनमध्ये मी नोकरी करत होते असं सांगितलं की लोक विचारतात, शाळेत की बँकेत? शिकाऱ्यांना सॅक विकायचे, असं उत्तर दिलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्या तोंडाकडे नीट बघतो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. बंदूक मी आजवर हातात धरलेली नाही. तरीही सत्तरचं दशक संपताना आणि पुढची बरीच वर्षं, मनामाच्या बाजारातल्या एका दुकानात, डोंगरात चार-आठ दिवस शिकारीला निघालेल्या माणसाने पाठीवर केवढी सॅक घ्यावी हे सांगण्याचा पगार मी घेत होते.

ती नोकरी मिळाली तीही कपडे वाळत घालायच्या दोरीमुळे. लग्न होऊन मी पुण्याहून गेले तेव्हा श्रीकांत तिथल्या एका बँकेत हिशेब खात्यात होता आणि आम्ही मनामाच्या हूरा भागात दोन खोल्यांत राहत होतो. दोरी शोधत मी बू खालिद यांच्या दुकानात शिरले. खालिदचे वडील म्हणून बू खालिद. त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. दुकानात तंबू, स्टोव्ह, कंदील, मासेमारीचे गळ, जाड दोर असं सगळं होतं आणि भिंतीवर तीन-चार परदेशी सॅक टांगलेल्या होत्या. त्यातल्या एकीचे पट्टे उलटे ओवले होते. मला राहवलं नाही. कॉलेजात असताना आम्ही मुलींनी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले होते, त्यामुळे पट्टा उलटा असला की खांद्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. मी ते सोडवून सरळ ओवले. बू खालिद गल्ल्यावरून बघत होते. दोरीचे पैसे घेताना त्यांनी विचारलं, "सिस्टर, हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "पाठीवर घेऊन." त्यांनी आतून खुर्ची आणायला सांगितली, चहा मागवला, आणि चहा संपेपर्यंत माझी नोकरी ठरली.

ते स्वतः ससाणे पाळणारे होते. हिवाळ्यात वाळवंटात शिकारीला जात, पण जीपमधून. "आमच्या सॅकला चार चाकं असतात," असं म्हणत आणि पाठीवर ओझं वाहून डोंगर चढणाऱ्यांची त्यांना मनापासून कीव येई. तसे लोक आमच्याकडे बरेच येत. तेल कंपनीतले, ॲल्युमिनियमच्या कारखान्यातले, बँकांतले. इंग्रज, थोडे भारतीय, आणि शाळा सोडल्यापासून गोऱ्यांबरोबर काम करून त्यांचे शौक उचललेले काही बहारीनी. वर्षाची रजा जोडून ते तुर्कस्तानच्या डोंगरात रानबकऱ्यांच्या मागे जात. परवाना, वाटाड्या आणि बंदूक यांची सोय तिकडेच होई. आमच्याकडून न्यायची ती सॅक, आणि तिच्यात जाईल ते सगळं.

आता ज्यांनी कधी पाठीवर ओझं घेतलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॅकचं माप लिटरमध्ये असतं, म्हणजे आत किती मावतं ते. एखाद्या रात्रीसाठी चाळीसची पुरते. तीन-चार दिवस असले तर साठ-पासष्ट. थंडीतला आठवडा असेल तर ऐंशीच्या पुढे, कारण लोकर आणि झोपायची पिशवी वजनाला हलकी असली तरी जागा फार खाते. पण शिकाऱ्याची गोष्ट वेगळी पडते. नुसता डोंगर चढणाऱ्याची सॅक रोज हलकी होते, कारण तो त्यातलं खात जातो. शिकाऱ्याचीही होत जाते, आणि मग एका दिवशी एकदम दुप्पट होते. मारलेलं जनावर खाली आणायचं असतं. म्हणून त्याच्या सॅकचं माप परतीच्या ओझ्यावर ठरवायचं आणि जाताना ती जागा रिकामी ठेवायची. सांगायला हे सोपं आहे. रिकामी जागा दिसली की माणसाला तिथे काहीतरी कोंबल्याशिवाय चैन पडत नाही. एका इंग्रज बँक अधिकाऱ्याला मी परोपरीने सांगूनही त्यांनी सगळ्यात मोठी सॅक नेली. रजेवरून आल्यावर मुद्दाम भेटायला आले. उरलेल्या जागेत त्यांनी घडीची खुर्ची घातली होती. खुर्ची फार आरामशीर होती, असं ते म्हणाले. पायथ्याच्या गावात ते चार दिवस तिच्यावर बसून होते, कारण ती घेऊन पुढे जाणं त्यांना जमलं नाही.

तेव्हापासून मी नियम केला. सामान घेऊन या, मग सॅक दाखवते. लोक पोत्यातून, बोचक्यातून सामान आणत, मी ते दुकानातल्या सतरंजीवर मांडायला लावी आणि एकेक वस्तू बाजूला काढी. मग पाठ मोजायची. उंचीचा इथे काही संबंध नसतो. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडापर्यंतचं अंतर लागतं, कारण ओझं खांद्यांनी पेलायचंच नसतं, कमरेच्या पट्ट्याने पेलायचं असतं. परक्या पुरुषांच्या कमरेला मी टेप लावणं त्या बाजारात शोभलं नसतं, म्हणून टेप बू खालिद धरत आणि मी दोन हात लांब उभी राहून "थोडं वर, आता खाली" असं सांगत असे. मग शेजारच्या वाण्याकडून आणलेल्या तांदळाच्या पिशव्या सॅकमध्ये भरायच्या आणि गिऱ्हाइकाला जिन्याने गच्चीपर्यंत पाठवायचं. बहारीनमध्ये डोंगर कुठला आणायचा? सपाट बेट ते. मोठमोठे साहेब तांदूळ पाठीवर घेऊन आमचा जिना चढत आणि घामाघूम होऊन उतरत. बाजारात तो एक करमणुकीचा विषय झाला होता.

हे सगळं सांगितलं ते सर्जेराव इंगवल्यांसाठी. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्या नोकरीबद्दल लिहिण्यात काही अर्थ नाही.

इंगवले कोल्हापूरकडचे, ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर. आमच्या गणपतीला आरतीत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. घरात शिकारीची परंपरा होती. आपल्याकडे शिकारीवर बंदी आल्यावर वडिलांनी बंदूक जमा केली, त्या दिवशी घरात कोणी जेवलं नव्हतं, असं ते सांगत. बहारीनमध्ये त्यांना जासिम भेटला. त्याच कारखान्यात उपकरणं दुरुस्त करणारा, शेजारच्या मुहर्रक बेटावर राहणारा, सडपातळ, कमी बोलणारा. दोघांची जोडी विजोड होती, पण दरवर्षी दोघं मिळून तुर्कस्तानला जात. त्यांच्या आधीच्या सॅक मीच दिल्या होत्या, दोघांनाही सारख्याच, पासष्टच्या.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला इंगवले एकटेच आले.

"वहिनी, दुकानातली सगळ्यात मोठी सॅक काढा बघू."

"जुनीचं काय झालं, भाऊजी?"

"लहान पडाय लागली. शंभरची द्या."

शंभरची एकच सॅक होती. मागे ॲल्युमिनियमची चौकट, वर हिरवं जाड कापड. ती मी सहसा कोणाला विकत नसे. एवढ्या मोठ्या सॅकमध्ये माणूस घर भरून नेतो आणि पहिल्या चढावर गुडघे धरून बसतो. मी म्हटलं, "सामान घेऊन या."

पुढच्या शुक्रवारी ते मोठं गाठोडं घेऊन आले. सतरंजीवर त्यांनी एकेक मांडायला सुरुवात केली आणि मला हसू आवरेना. घोंगडं, दोन जोड बूट, कांदा-लसूण मसाल्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी, सुपारीचा अडकित्ता आणि सगळ्यात शेवटी प्रेशर कुकर.

"कुकर?"

"उंचावर डाळ शिजत नाही वहिनी. तुम्हाला सायन्स सांगायला पाहिजे का?"

"मग डाळ नेऊ नका."

"डाळीशिवाय जेवण व्हतंय का? तुम्ही काय बोलताय?"

आमचं बराच वेळ भांडण चाललं. बू खालिद मराठीचा शब्द न कळताही मजेत ऐकत होते. मी हट्टाला पेटले होते. जुनी सॅक उत्तम आहे, कुकर घरी ठेवा, एवढंच माझं म्हणणं. शेवटी इंगवले म्हणाले, "उद्या जासिमला घेऊन येतो. तो सांगेल तुम्हाला." आणि गाठोडं तिथेच टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी जासिम आला, पण एकटा. इंगवल्यांची पाळी बदलली होती म्हणे. बू खालिद नमाजाला गेले होते. जासिमने स्वतःची जुनी सॅक आणली होती आणि त्याला तिच्याऐवजी लहान हवी होती. मला बरं वाटलं, निदान एक तरी शहाणा माणूस. मी म्हटलं, आधी जुनीच पाठीवर घ्या, पाठ बघू.

त्याने सॅक घेतली, पट्टा कमरेला लावला आणि ओढला. पट्टा ओढला जात राहिला. मागच्या वर्षी जिथे तो घट्ट बसला होता तिथे कापडावर बकलाची काळपट खूण पडलेली होती. ती खूण आता बकलातून कितीतरी पुढे निघून आली होती. पट्टा संपला तरी कमरेला लागत नव्हता. मी वर बघितलं. आखूड दाढी, पायघोळ पांढरा अंगरखा. तसं अंगरख्यात माणसाचं वाळणं लक्षात येत नाही. मनगटं मात्र दिसली.

मी दुकानदार होते. पण दुकानात आम्ही दोघंच होतो आणि मला गप्प बसवेना.

"जासिमभाई, सलमानिया हॉस्पिटलात जाऊन दाखवा. हे नुसतं बारीक होणं वाटत नाही."

त्याने सॅक उतरवून हळूच काउंटरला टेकवली. त्याचं हिंदी बाजारातलं होतं, पण शांतपणे बोलला. "जाऊन आलो, सिस्टर. पोटात गाठ आहे. ऑपरेशन करू म्हणतात. करतील. पण फार काही सांगत नाहीत. मी म्हटलं, डोंगरातून आल्यावर."

"डॉक्टर हो म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले नको. मरियम म्हणाली, जा." मरियम त्याची बायको. "मला माहीत आहे मी काय उचलू शकतो. थोडंच उचलू शकतो. मोठी सॅक पाठीवर असली की सर्जे त्यात सामान घालणार, आणि मी नाही म्हटलं की विचारणार का. म्हणून मला अशी सॅक दे की तिच्यात कमीच मावेल. मग कोणी विचारणार नाही."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं तर तो जाणार नाही. मलाही जाऊ देणार नाही. इथे माझ्या घरी येऊन बसेल आणि माझ्याकडे बघत राहील." तो थोडा हसला. "तू पण सांगू नकोस. इंशाल्ला, मी स्वतः सांगेन. वरून खाली आल्यावर."

मी म्हटलं, वाटेत काही झालं तर? डोंगरात, गावापासून लांब? मग मी एक अट घातली. पहिला मोठा चढ खेचरावरून करायचा. पायथ्याला खेचरं मिळतात हे मला गिऱ्हाइकांकडून माहीत होतं. सर्जे हसेल, तो म्हणाला. हसू दे, मी म्हटलं. तो कबूल झाला.

त्या रात्री मी श्रीकांतला सगळं सांगितलं. त्याला हिशेबात घोळ चालत नसे. तो म्हणाला, "सुधा, इंगवल्यांना कळायला हवं. त्यांच्या जिवावर हा माणूस डोंगरात चाललाय." बरोबरच होतं त्याचं. पण जासिमने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्याच मित्राला जाऊन सांगायची, हेही मला जमेना. एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती. जासिमची सॅक लहान म्हणजे तंबू, स्टोव्ह, भांडी, दोघांचं धान्य आणि येतानाचं मांस हे सगळं दुसऱ्या सॅकमध्ये गेलं पाहिजे. म्हणजे जी शंभरची सॅक मी भांडून नाकारली होती, तीच आता इंगवल्यांच्या गळ्यात घालायला हवी होती. आणि त्यांना संशय येऊ न देता.

त्यानंतरच्या शुक्रवारी दोघं एकत्र आले. मी तोंड धुऊन तयार होते. "भाऊजी, मी पुन्हा विचार केला," असं म्हणून मी एक भाषणच केलं. दोघं एका तंबूत झोपता, एका स्टोव्हवर शिजवता, मग सामान दोन जागी विभागायचं कशाला? एक मोठी, एक लहान. मोठी तुम्हाला, कारण तुमची पाठ रुंद आहे. मोठीला चौकट आहे, परतीचं ओझं तिच्यावर नीट बसतं. यातलं काही खोटं नव्हतं. तरी बोलताना माझे कान तापले होते.

इंगवले मला चिडवतील, "मग मी काय म्हणत होतो" म्हणून दुकान डोक्यावर घेतील असं मला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "ठीक आहे वहिनी. तुम्ही म्हणताय तसं." जासिम भिंतीवरच्या गळांकडे बघत उभा होता. बू खालिदनी टेप धरली, मी आकडे सांगितले. शंभरच्या सॅकमध्ये तांदूळ भरून इंगवले गच्चीवर जाऊन आले. जासिमला मी जिना चढायला लावलं नाही. एवढ्याशा सॅकला कशाला, असं म्हटलं, आणि बू खालिदनी माझ्याकडे चमकून बघितलं, कारण जिन्यातून मी कोणालाच सूट देत नसे.

ते गेले. तेव्हा काही आजच्यासारखे फोन नव्हते. श्रीकांत रोज बँकेतून आला की माझ्या तोंडाकडे बघायचा. दुकानात कोणी कारखान्यातला माणूस आला की मी हातातलं काम सोडून आधी तो काय सांगतो ते ऐके.

रजा संपायच्या सुमाराला एका दुपारी इंगवले दुकानात आले. ऊन लागून नाक सोललेलं, दाढी वाढलेली. मी आधी त्यांच्या मागे बघितलं.

"घरी सोडून आलोय त्याला," ते म्हणाले. "मुहर्रकला. ठीक आहे." मग खुर्ची ओढून बसले आणि समोर आलेला चहाचा पेला बाजूला सारला. "तुम्हाला माहीत होतं ना, वहिनी?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मलाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ते सांगू लागले. उन्हाळ्यापासून त्यांनी बघितलं होतं. कारखान्यात वर जाणारा एक लांब जिना होता. जासिम मध्येच थांबायचा आणि भिंतीकडे तोंड करून दाबाचं गेज बघतोय असं दाखवायचा. "त्या जिन्यात गेजच नाही वहिनी. मी बसवलंय सगळं, मला माहीत नाही व्हय?" विचारलं तर तो मनाला लावून घेईल आणि येणारच नाही, म्हणून इंगवले गप्प राहिले. दोघांचं सामान आपणच उचलायचं असं त्यांनी ठरवलं आणि मोठी सॅक मागायला आले. "तुम्ही देतच नव्हता. मग काहीतरी मोठं दाखवायला नको? बायकोला म्हटलं, घरातली सगळ्यात गैरसोयीची वस्तू कुठली? तिने कुकर काढून दिला."

"आणि नेला का?"

"छे. सगळं घरी ठेवलं. तंबू, स्टोव्ह, बिस्किटं, खजूर, तांदूळ, एवढंच. निम्मी रिकामी ठेवली होती."

पहिला चढ खेचराने निभावला. इंगवले हसले नाहीत, त्यांनीही खेचर घेतलं, गुडघा दुखतोय असं सांगून. दुसऱ्या दिवशी पायी चालायचं होतं. मैल-दीड मैल गेल्यावर जासिम एका दगडावर बसला. उठायला गेला आणि परत बसला. वाटाड्या पुढे निघून गेला होता. इंगवल्यांनी आपली सॅक खाली ठेवली, वरची दोरी सोडली, जासिमच्या पाठीवरची सॅक काढली आणि जशीच्या तशी आपल्या सॅकमध्ये घातली. ती पूर्ण मावली. वरून दोरी आवळली.

"काही बोलला?"

"म्हणाला, सर्जे, केव्हापासून? मी म्हटलं, उन्हाळ्यापासून. तो म्हणाला, कोणी सांगितलं? मी म्हटलं, गेजने. मग हसला. हसता हसता त्याला खोकला आला."

तिथून पुढे जासिम रिकाम्या हातांनी चालला, सावकाश, आणि त्याला बरं वाटत होतं. शेवटच्या दिवशी सकाळी एका कड्यावर रानबकरा दिसला. मोठा, वयाने पिकलेला, मागे वळलेली शिंगं. नेम जासिमचा चांगला, म्हणून पहिली गोळी दरवर्षी त्याचीच. तो दगडावर पालथा पडून बघत राहिला. इंगवले कुजबुजले, मार. जासिमने बंदूक खाली ठेवली.

"का?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, खाली कसा नेणार? तुझ्या सॅकमध्ये माझी सॅक आहे." इंगवले खिडकीकडे बघून बोलत होते. "मी म्हटलं, अरे मी दोन खेपा करीन. वाटाड्या आहे. तो म्हणाला, जेवढं आपल्याला वाहून नेता येतं तेवढंच मारायचं, हे तूच मला पहिल्या वर्षी शिकवलंस. मग आम्ही तो बकरा बघत बसलो. चांगला अर्धा-पाऊण तास. चरला, एकदा आमच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि गेला पलीकडे."

त्यांनी चहा घेतलाच नाही. जाताना म्हणाले, "माझ्या घराण्यात रिकाम्या हातानं कोण आलं नव्हतं वहिनी. पण ह्या खेपेसारखी खेप झाली नाही."

इतकी वर्षं माझा समज होता की सामान बघून मला माणूस कळतो. त्या कुकरला मी किती हसले होते. त्यानंतर सतरंजीवर कोणी काही विचित्र मांडलं की मी आधी थोडं थांबायला शिकले. घरात सांगायची सोय नसलेल्या किती गोष्टी लोक माझ्या दुकानात मांडून गेले असतील कोण जाणे. माप बघता बघता मी ते पाहिलंच नाही, ही खंत आहे.

जासिमचं ऑपरेशन झालं. सलमानियातल्या डॉक्टरांनी फार केलं. उन्हाळा लागता लागता तो गेला. बातमी इंगवल्यांनी श्रीकांतला बँकेत फोन करून सांगितली. मी दुकानातून लवकर निघाले. बू खालिद म्हणाले, "माझ्याबरोबर चल. मुहर्रकला मीही जातोय." पुरुष बाहेरच्या बैठकीत बसले. मला एका मुलीने आतल्या घरात नेलं. भिंतीला लागून काळ्या कपड्यांत बायका बसल्या होत्या, मध्ये कॉफी फिरत होती. मी कोणाला ओळखत नव्हते. मरियम कोण ते मात्र कळलं, कारण सगळ्यांची तोंडं तिच्याकडे होती. ती शाळेत शिकवायची, इंग्रजी चांगलं बोलायची. मी नाव सांगितल्यावर तिने मला शेजारी बसवलं.

"तू सॅकवाली," ती म्हणाली. "तो तुझ्याबद्दल सांगायचा. जिना चढायला लावतेस म्हणे."

मी म्हटलं, त्यांना नाही लावलं.

"तेही सांगितलं त्याने." ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "डोंगरातून आल्यावर तो रोज एकच गोष्ट सांगायचा. आजारपणातसुद्धा. मुलांना, भावांना. म्हणायचा, डोंगरात शेवटपर्यंत माझी सॅक मीच उचलली. सर्जे रोज मागायचा, मी दिली नाही. वर जाताना आणि खाली येताना. सर्जेला विचारलं तर तोही तेच सांगतो. पण तो त्याचा मित्र आहे, तो तेच सांगणार. तुला सॅकमधलं कळतं. तू सांग, एवढ्या अशक्त माणसाला ते जमलं असेल?"

समोरच्या दोन-तीन बायका आमच्याकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी किती कळत होतं माहीत नाही. बाहेरच्या बैठकीतून पुरुषांच्या बोलण्याचा आवाज येत होता, त्यात इंगवल्यांचाही होता.

"सॅक मीच निवडून दिली होती," मी म्हटलं. "त्यांच्या पाठीला ती बरोबर बसत होती. कमरेचा पट्टा नीट लागला की ओझं जाणवत नाही. हो, जमलं असेल. त्यांनीच उचलली."

मरियमने डोळे मिटले आणि मान डोलावली. मग कॉफीचा पेला माझ्या हातात दिला, आणि हा माणूस लग्नाआधीपासून किती हट्टी होता ते सांगायला लागली.